तारखा आहेत, औषध नाही

आमच्या घरात पाल नव्हती. डास नव्हते, झुरळं नव्हती, आढ्याला कोळ्याचं जाळं नव्हतं आणि भिंतीवरच्या तसबिरीमागं चिमणीनं कधी घरटं केलं नाही. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावात ही नवलाचीच गोष्ट होती. शेजारच्या घरांतून चिमण्या घरच्यासारख्या नांदत, बायका तांदूळ पाखडायला बसल्या की थेट सुपात उतरत. आमच्या दारापर्यंत येत, आत डोकावत आणि परत फिरत. आईला त्याचं वाईट वाटायचं. "चिमणी येत नाय त्या घराला शोभा नाय," ती म्हणायची. आबा म्हणत, "शोभा नसली तर नसली. ताप बी नाय ना?" मग आई गप्प बसायची. तिचा पहिला मुलगा हिवतापात गेला होता. मी त्याच्यानंतरची.

आबा म्हणजे माझे वडील. ते मलेरियाच्या खात्यात फवारणीवाले होते. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं देव सोडले, गावकीची कामं सोडली, आणि ज्यांना चार अक्षरं येत होती त्यांनी नोकऱ्या शोधल्या. आबांना चार नव्हे, बरीच अक्षरं येत होती आणि ती सगळी मोत्यासारखी येत होती. खात्यानं त्यांना एक पंप दिला, एक बादली, डीडीटीच्या पांढऱ्या भुकटीची पाकिटं, गेरूचा डबा आणि एक वही. कर्जत-खालापूरच्या खेड्यांतून वर्षातून दोनदा घरोघर जायचं, भिंतींवर औषध मारायचं आणि दाराशेजारी गेरूनं तारीख घालायची. लोक त्यांना पंपवाला म्हणत. त्यांचं खरं नाव आमच्या गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसावं.

वहीचा मात्र त्यांना पंपाहून जास्त अभिमान होता. तीत सहा रकाने असत: तारीख, वाडी, घरे, फवारणी केली की नाही, नसल्यास कारण, आणि शेवटी शेरा. ही सवय त्यांच्या इतकी हाडीमाशी मुरली होती की माझ्या शाळेचं वेळापत्रकसुद्धा ते रकाने आखून भिंतीला लावत, आणि त्यालाही शेवटी शेऱ्याचा रकाना असे. "गणित: लक्ष नाही." "मराठी: बरे, पण बडबड फार." मी चिडून एकदा तो कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नवा लागला. त्यात शेरा होता: "कागद फाडते."

ज्या घरांत माझ्या आजोबांना ओटीच्या खाली उभं राहावं लागे, त्या घरांत आबा बुटासकट देवघरापर्यंत जात. औषध कोपऱ्याकोपऱ्यात गेलं पाहिजे असा सरकारी हुकूमच होता, आणि डासाला कुठं सोवळं कळतं! घरची माणसं भांडीकुंडी बाहेर काढत, पाळणा अंगणात आंब्याखाली बांधत आणि आबा आत एकटे पंप मारत. बाहेर आल्यावर पाणी मागितलं तर ते मात्र वरून ओंजळीत ओतलं जायचं. आबा हे सांगताना हसायचे. "पंपाला परवानगी होती, तांब्याला नव्हती," म्हणायचे. मला हसू यायचं नाही. मी तेव्हापासूनच जरा तिरसट.

त्यांचं खरं भांडण होतं ते बायकांशी. औषध मारून पाठ फिरली की बायका भिंती शेणानं सारवायला घ्यायच्या, कारण पांढरे ओघळ त्यांना बघवत नसत. औषध शेणाखाली गडप. आबा परत जात, हात जोडत. "मावशी, दोन महिने तरी सारवू नका वं." मावशी हो म्हणायच्या आणि हात धुऊन शेण कालवायला बसायच्या. आमच्या घरी सारवायला बंदीच होती. आमच्या भिंती पांढऱ्याफटक, बोट लावलं की भुकटी यायची. ती मी लहानपणी खडू म्हणून वापरली आहे. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा तिचा गोडूस वास मला आबांचा वास वाटायचा. अजूनही वाटतो.

मी मुंबईला प्राणिशास्त्र शिकायला गेले तेव्हा आबा निवृत्तीला आले होते. एम.एस्सी.च्या वर्गात एका सरांनी सांगितलं की डीडीटी मरत नाही. भिंतीवरून किड्यात जातं, किड्यातून पाखरात, पाखराच्या चरबीत बसतं आणि अंड्यात उतरतं. अंडी उबत नाहीत. मी वर्गात उभी राहिले आणि आमच्या घरी चिमणी येत नाही, ती त्यामुळंच का, असं विचारलं. सरांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "त्यामुळंच येत नाही, कशावरून?"

हा त्यांचा शब्द होता. कुणी म्हणालं बाहेर ऊन पडलंय, की सर विचारत, कशावरून? वर्ग हसला, मी बसले. पण तो प्रश्न काही बसला नाही. पुढं तेच सर माझे मार्गदर्शक झाले आणि कर्जत-खालापूरच्या घरांतल्या चिमण्यांच्या अंड्यांत डीडीटी किती उतरतं, हा माझा पीएच.डी.चा विषय ठरला. त्यानंतर मी आयुष्यभर विषंच मोजली, खाचरातल्या मुठ्या-खेकड्यांतली, बगळ्यांच्या चरबीतली, नदीतल्या माशांतली. विद्यार्थ्यांनी मला मागं "विषकन्या" नाव ठेवलं होतं हेही मला ठाऊक आहे. पण सुरुवात त्या चिमणीपासून झाली.

घरी सांगणं अवघड होतं. आबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मी जेवताना सांगितलं, शक्य तितकं गोल गोल करून. आबांचा घास हातात राहिला. "म्हंजे मी मारलेलं औषध वाईट, हे तू शोधणार?"

"वाईट नाही आबा. किती शिल्लक राहतं, एवढंच."

"त्यानं ताप गेला. तुला ठाऊक नाय, आधी कसा ताप हुता. भात कापायला माणूस मिळायचा नाय, घराघरात गोधड्या हलायच्या."

आईनं ताक वाढता वाढता निकाल दिला. "बापानं मारायचं आणि लेकीनं मोजायचं. चांगला धंदा काढलाय दोघांनी."

दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून चार काचेच्या बरण्या आणल्या, सोड्यानं उकळून, उन्हात पालथ्या घालून वाळवल्या आणि माझ्यापुढं ठेवल्या. "अंडी ठेवायला," म्हणाले. माझे वडील असे होते. भांडण त्यांना पाठ होतं, पण अबोला जमत नसे.

अंडी मिळवणं ही एक वेगळीच परीक्षा. घरातल्या चिमणीचं अंडं उचलणं म्हणजे पाप, असं सगळ्या बायकांचं मत. शिवाय माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्या चिमणीला वाळीत टाकतात. हे शास्त्र आमच्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मग मी नियम केला: पिल्लं उडून गेल्यावर घरट्यात जे न उबलेलं अंडं मागं राहतं, तेवढंच घ्यायचं, आणि तेही काठीला बांधलेल्या चमच्यानं. शेलूच्या एका मावशीनं मला घरट्याखाली स्टुलावर उभं केलं आणि स्वतः स्टूल धरून बसली. "मेलेलंच घेतेस ना? मग घे. पण तिच्या देखत नको." चिमणी उडून जाईपर्यंत आम्ही दोघी माना वर करून थांबलो होतो.

घरटं बहुधा स्वयंपाकघराच्या आढ्याला असायचं. काही घरांत मी कुणाची, हे विचारलं जायचं. मी सांगायचे, पंपवाल्याची मुलगी. मग वाट मिळायची. आबांनी बुटासकट पाडलेली वाट होती ती.

अंडी मुंबईला न्यायची, तिथं एका यंत्रात त्यांचा अर्क सोडायचा. यंत्राला जोडलेल्या पेनानं कागदावर रेघ सरकत जाई आणि डीडीटी असेल तिथं डोंगर उठे. जितका डोंगर उंच, तितकं विष जास्त. मी पहिले कागद घरी आणले तेव्हा आबांनी चष्मा लावून ते उलटसुलट पाहिले. "हा काय, माथेरान काढलंस?" मी म्हटलं, हे तुमचं औषध. ते बराच वेळ त्या डोंगरावरून बोट फिरवत राहिले. "टिकलं की गं," म्हणाले. त्यात कौतुक होतं की धसका, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

आता खरी अडचण. फवारलेल्या घरांत विष सापडलं, एवढ्यानं शास्त्र होत नाही. त्याच हवेतली, त्याच भातावर जगणारी, पण कधीच न फवारलेल्या घरातली चिमणी शेजारी मांडावी लागते. मी ठाकुरवाडीच्या थांब्यावर उतरून वर तासभर चढले आणि तिथली एक आडबाजूची वाडी निवडली. एवढ्या वर सरकार कशाला येतंय, असं मला वाटलं. दोन मोसम तिथली अंडी गोळा केली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी यंत्रावर घातली, आणि कागदावर माथेरान उठलं. खालच्या गावांइतकंच उंच.

मी रडकुंडीला येऊन घरी आले. आबांनी वाडीचं नाव विचारलं, आणि कपाळाला हात लावला. "मला इचारायचंस की गं. ती वाडी मी किती येळा मारली हाय, मोजमाप नाय!" घरात फवारणीवाला असताना मी त्याला विचारलं नव्हतं. पुस्तकं चाळली, नकाशे चाळले, पण बापाला विचारलं नाही. शिकलेल्या माणसाची ही खोड मी पुढं पुष्कळांत पाहिली, पण पहिल्यांदा स्वतःत पाहिली.

"मग न मारलेली वाडी कुठली, ते तरी सांगा."

आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "अशी नाय. माझ्या हद्दीत एक घर सुटलेलं नाय."

मी खात्याच्या कचेरीत जाऊन जुन्या याद्या पाहिल्या. खरंच एक घर सुटलेलं नव्हतं. पानामागून पान आबांचं अक्षर, आणि चौथ्या रकान्यात "होय, होय, होय". दुसऱ्या मुलखात जाऊन चालणार नव्हतं, हवा बदलली, धान्य बदललं की तुलना संपली. सरांनी सांगून टाकलं, की येत्या मोसमात स्वच्छ वाडी मिळाली तर ठीक, नाहीतर विषय सोडा, शिष्यवृत्तीही त्यापुढं राहणार नाही. तीन वर्षं पाण्यात जाणार होती. आमच्या वस्तीतून त्या वाटेनं गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि परत येऊन काय सांगणार होते? चिमण्या शोधत होते, मिळाल्या नाहीत?

मी घरात नुसती बसून राही. आबा बाहेर नुसते बसून राहत. शेवटी आईच त्यांच्यावर कडाडली. ती भाकऱ्या थापत होती, हातही थांबवला नाही. "आपल्या भिंती येवढ्या पांढऱ्या का, ते सांगा की तुमच्या लेकीला. का मी सांगू?"

आबा उठून बाहेर गेले. संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "उद्या बूट घाल. चढ हाय."

सकाळच्या एसटीनं आम्ही कुंभिवलीला उतरलो आणि हमरस्ता सोडून डोंगराकडं चालू लागलो. आबा पुढं, मी मागं. वाटेत एक मोठा आंबा लागला. आबांनी दाखवलं, "माझा जोडीदार हितंच बसून बिडी ओढायचा. म्हणायचा, वरची अकरा घरं तू मार, मी खालची सांभाळतो. मी एकलाच जायचा." आणि ते परत चढाला लागले.

अकरा घरांची ठाकरांची वाडी होती. कुडाच्या भिंती, भाताचे ढीग, आणि चिमण्या! इतक्या चिमण्या मी कुठल्याच घरात पाहिल्या नव्हत्या. आढ्यात, वाशांत, टांगलेल्या इरल्यात, जिथं तिथं घरटं. पहिल्याच घराच्या चौकटीशेजारी मी पाहिलं. गेरूनं तारखा घातलेल्या होत्या. एकाखाली एक, वर्षानुवर्षांच्या, आबांच्या अक्षरात. "आबा, हीपण मारलेलीच आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तारखा हायत," आबा म्हणाले. "औषध नाय."

तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं. "पंपवाल्या! पंप कुठं रं तुझा?" आणि आत जाऊन तिनं स्वतःच्या तांब्यात पाणी आणलं आणि तांब्या आबांच्या हातात दिला. आबा तोंड लावून पाणी प्यायले. मी ते पाहिलं आणि मला निम्मी गोष्ट तिथंच कळली.

उरलेली आबांनी अंगणात बसून सांगितली. पहिल्यांदा ते पंप घेऊन वर आले तेव्हा म्हातारी दारात आडवी उभी राहिली. शेजारच्या वाडीत औषध मारल्यावर मांजरं मेली होती, कोंबड्या खंगल्या होत्या. "माझी कोंबडी अंड्यावर बसली हाय. पिल्लं निघू दे, मग मार." आबांनी विचार केला, थांबावं. तिनं भाकरी दिली, पाणी दिलं, तेही तांब्यात. सबंध हद्दीत तांब्यात पाणी देणारं ते एकच घर. तिथं जबरदस्ती करायला त्यांचा हात उचलेना. पण वहीत "नाही" लिहिलं तर साहेब स्वतः येणार, माणसं घेऊन येणार. म्हणून त्यांनी चौकटीवर तारीख घातली आणि वहीत "होय" लिहिलं. पुढच्या खेपेला आले, तर दुसऱ्या घरची कोंबडी बसलेली. त्यापुढच्या खेपेला तिसऱ्या घरची. निवृत्तीपर्यंत त्या वाडीत कुणाची ना कुणाची कोंबडी अंड्यावर बसलेलीच होती.

मी हसायला लागले. खदखदून हसले, तीन वर्षांचं सगळं साचलेलं बाहेर पडलं. म्हातारीही हसली, तिला एकच दात होता. "आणि तुमच्या मागून आलेला माणूस?" मी विचारलं.

"तो आंब्यापावतर बी येत नाय. तारीख बघ ना, शेवटची माझीच हाय."

"मग अकरा घरांची भुकटी? ती कुठं टाकलीत?"

आबांनी मान खाली घातली. "टाकू कुठं? सरकारी माल. ओढ्यात टाकली तर मासे मरायचे. घरी आणली. आपल्या भित्तींवर मारली."

म्हणजे अकरा घरांचं औषध आमच्या एका घरात, वर्षातून दोनदा. पाल का नव्हती, चिमणी का परत फिरत होती, ते मला कळलं. ज्या प्रश्नापासून मी निघाले होते त्याचं उत्तर माझ्याच भिंतीवर होतं, आणि ते आईला सुरुवातीपासून ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही, बरणी काढली आणि घरटी मोजायला लागले. म्हातारी माझ्यामागून प्रत्येक घरात आली आणि चिमणीचं मेलेलं अंडं कुठलं, ते मला नेमकं दाखवत राहिली.

उतरताना त्याच आंब्याखाली आबा बसले. उठेनात. मला वाटलं, दमले. मग म्हणाले, "एक ऱ्हायलं सांगायचं." म्हातारीची नात होती, सातआठ वर्षांची. पंपाचा दांडा धरायला पुढं पुढं करायची. एका पावसाळ्यात आबा वर गेले तर ती नव्हती. ताप आला आणि चार दिवसांत गेली. कसला ताप, कुणी रक्त तपासलं नाही. हिवताप असेल, नसेलही. "त्या टायमाला मी ठरवून गेलो हुतो, आज मारायचंच. बादलीत औषध कालवलं. तर म्हातारी म्हणाली, तिची कोंबडी बसली हाय रं अंड्यावर. पोरीची. एवढी ऱ्हाऊ दे." त्यांनी कालवलेलं औषध तसंच घरी आणलं आणि चौकटीवर तारीख घातली.

"म्हातारी तुला कधी बोलली त्यावरून?" मी विचारलं. आबांशी मी एरवी कधी एकेरी बोलत नसे.

"नाय. पाणी देते."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. मग बरणी सांभाळत आम्ही उतरायला लागलो.

त्या वाडीची अंडी यंत्रावर घातली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर पेन सरळ जात होतं. कागद सपाट होता, भातकापणीनंतरच्या खाचरासारखा. सरांनी तो दिव्याखाली धरला, पेन्सिल कानावरून काढली आणि विचारलं, "ही वाडी फवारलेली नाही, कशावरून? खात्याची यादी तर होय म्हणते."

मी आबांचं नाव घेतलं नाही. त्यांची पेन्शन होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची वही होती. आयुष्यभराच्या "होय"मधले काही "होय" खोटे होते, हे छापायला माझा हात धजेना. मी प्रबंधात लिहिलं, "विश्वसनीय स्थानिक माहितीनुसार". सरांनी समासात एक प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढं जाऊ दिलं. घरी मात्र आबा म्हणाले, "माझं नाव का नाय घातलंस? खोटी नोंद हाय, तर खोटी म्हणून लिही." मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं कळत नाही. मी त्यांना असं याआधी कधी बोलले नव्हते.

तोंडी परीक्षेला आई-आबा दोघंही मुंबईला आले. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, आणि शेवटच्या बाकावर ते शाळेत बसल्यासारखे ताठ बसले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मृदू बोलणारे. तासभर सगळं छान चाललं. मग त्यांनी ते पान उघडलं. "विश्वसनीय स्थानिक माहिती म्हणजे काय? सरकारी नोंद एक सांगते, तुम्ही दुसरं सांगता. आणि तुमची सगळी तुलना या एका वाडीवर उभी आहे. ही वाडी फवारलेली असेल, तर प्रबंध राहत नाही."

मी काहीतरी बोलले. ग्रामस्थांच्या सांगण्यावरून, अंड्यांच्या निष्कर्षावरून, असं काहीबाही. माझं मलाच ऐकू येत होतं की मी फिरवाफिरवी करते आहे. परीक्षकांनी चष्मा पुसला. सर माझ्याकडं बघत होते.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. "साहेब, पुरावा मी हाय," आबा म्हणाले. "ती वाडी माझ्या हद्दीत हुती. मी मारली नाय. वहीत होय लिवलं, ते खोटं लिवलं."

सगळे मागं वळले. परीक्षकांनी विचारलं, "का नाही मारली?"

"कोंबडी अंड्यावर बसली हुती, साहेब."

सभागृह हसलं. वाईट हसलं नाही, पण हसलं. आबा हसले नाहीत. परीक्षक म्हणाले, "हे लिहून द्याल?" आबा म्हणाले, देतो की. त्यांनी कोरा कागद मागितला, आणि पट्टी मागितली. पट्टी शोधायला शिपाई धावला. मग माझ्या परीक्षेच्या मध्यावर, सगळे थांबलेले असताना, माझ्या वडिलांनी सहा रकाने आखले आणि वाकून लिहायला घेतलं. त्यांना घाई नव्हती. कागद परीक्षकांकडं गेला, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मला पुढचा एकही प्रश्न विचारला नाही.

मी तो कागद पाहिला तो पदवी मिळाल्यावर, प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडायची वेळ आली तेव्हा. वाडी, घरे अकरा. तारखा सगळ्या, बहुधा पाठच होत्या. फवारणी: नाही. कारण: कोंबडी अंड्यावर. आणि शेऱ्याच्या रकान्यात, तितक्याच नीट अक्षरात: "एक मुलगी तापाने मयत. तिला पंप धरायला आवडे."

सरांनी तो कागद वाचून कानावरची पेन्सिल काढली. मग त्या शेवटच्या ओळीवर टोक ठेवून हळूच म्हणाले, "एवढं गाळू या का? विषयाला सोडून आहे."

मी म्हणाले, "सर, कशावरून?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पान आहे तसं बांधलं गेलं.